अवेळचे तांडव

स्वीडिश भाषेत संतापाच्या भडक्यासाठी एक जोडशब्द आहे, ‘व्रेदेसुतब्रोत’. त्याची फोड सोपी आहे. ‘व्रेदे’ म्हणजे राग, मधला ‘स’ हा दोन शब्दांना सांधणारा षष्ठीचा प्रत्यय, ‘उत’ म्हणजे बाहेर आणि ‘ब्रोत’ म्हणजे मोडणे, फुटणे. आत कोंडलेले काहीतरी बांध फोडून बाहेर पडते, असे त्या शब्दामागचे चित्र. ज्वालामुखी फुटला तरी स्वीडिश माणूस ‘वुल्कानुतब्रोत’ असेच म्हणतो. जर्मन ‘आउसब्रुख’ आणि इंग्रजी ‘आउटबर्स्ट’ यांची बांधणीही हीच आहे. पहिल्या पदाची गोष्ट थोडी वेगळी. ‘व्रेदे’चे मूळ पिळणे, वळवणे या अर्थाच्या धातूत आहे. रागावलेला माणूस म्हणजे पिळला गेलेला माणूस. आपणही रागाने कोणाचे डोके फिरले असे म्हणतो, तेव्हा त्या जुन्या कल्पनेपासून फार लांब नसतो.

दुसऱ्या पदाशी मात्र मराठीचे फारसे जमत नाही. संतापाचा भडका उडालेल्या माणसाविषयी आपल्याकडे काय बोलले जाते ते आठवून पाहावे. थयथयाट, आदळआपट, जळफळाट, चडफडाट, आगपाखड, बोंबाबोंब, आक्रस्ताळेपणा, त्रागा, आकांडतांडव. यांपैकी कोणत्याच शब्दात ‘आत’ नाही आणि ‘बाहेर’ही नाही. भांड्यांचा आवाज आहे, पायांची धाव आहे, हातांची झटापट आहे. ‘-आट’ हा प्रत्यय तर मुळात आवाजाच्या पुनरावृत्तीचा. गडगडाट ढगांचा, कडकडाट विजेचा किंवा टाळ्यांचा, फडफडाट पंखांचा, आणि त्याच रांगेत जळफळाट आणि चडफडाट माणसाचा. स्वीडिश शब्दात घडते ते एकदाच, बांध फुटतो आणि संपते. मराठी शब्दात तेच ते पुन्हा पुन्हा होत राहते, आणि ते कोणीतरी ओसरीवर बसून पाहत असते, ऐकत असते. उद्रेक, स्फोट हे शब्द आपण लेखनात वापरतो, पण ते घरात बोलले जात नाहीत. ‘उद्रेक’ हा संस्कृतात अतिरेकाचा, भरून वाहण्याचा शब्द. ज्वालामुखीला आणि भावनेला तो आज सारखाच चिकटवला जातो, अगदी ‘उतब्रोत’सारखा.

या पाहणाऱ्याचे म्हणणे सर्वांत स्पष्टपणे ज्या शब्दात उतरले आहे तो शब्द म्हणजे ‘आकांडतांडव’. पुढील पानांतला बहुतेक विचार त्याच्याभोवती फिरतो, म्हणून इथे त्याच्यापाशी जरा जास्त थांबतो.

शब्द संस्कृतातून आलेला आहे, ‘अकाण्ड’ आणि ‘ताण्डव’ मिळून. ‘काण्ड’ म्हणजे मुळात बोरूचे, उसाचे पेर, दोन गाठींमधला भाग. ऊस खाणारे आपण आजही ‘कांडे’ म्हणतोच. पेरावरून ग्रंथाचा विभाग झाला, म्हणून रामायणाची कांडे. अमरकोश स्वतःच तीन कांडांत विभागलेला आहे, आणि त्यात ‘काण्ड’ शब्दाचे अर्थ सांगताना काठी, बाण, वर्ग, पाणी यांच्या जोडीने आणखी एक अर्थ दिला आहे, ‘अवसर’. आपला शब्द तिथून निघतो. अकांड म्हणजे ज्याला अवसर नाही ते, अवेळी, अकस्मात, कारण नसताना घडलेले. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात एक गैरसमज सहज होऊ शकतो, तो आधीच दूर केलेला बरा. धान कांडण्याचा या ‘कांड’शी संबंध नाही. उखळात मुसळाने कांडणे हे ‘कण्डन’ या दुसऱ्याच संस्कृत शब्दाचे वंशज आहे. उखळ, मुसळ, दणदण आवाज आणि रागाने आपटलेले पाय हे चित्र मनात चटकन जुळते, आणि जुळलेली चित्रे व्युत्पत्तीत फार फसवतात.

तसाच दुसरा मोह आमच्या गावाच्या नावाचा. भंडारा आणि भांडण! ‘भांडण’ संस्कृत ‘भण्डन’पासून, त्याचा अर्थच कलह. गावाचे नाव मात्र बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या रतनपूरच्या कलचुरी शिलालेखात ‘भाणार’ असे येते. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या या गावात लोक ते नाव भांड्यांशी, भाण्याशी जोडतात. ते मान्य करा वा नको, गावाच्या नावात भांडण शोधायला आधार नाही.

आता तांडव. या शब्दाचा आज आपण करतो तो अर्थ, म्हणजे विध्वंस, थैमान, आगीचे तांडव, पुराचे तांडव, फार अलीकडचा आणि फार एकांगी आहे. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात शिवाच्या सांगण्यावरून तंडू भरताला हे नृत्य शिकवतो, आणि परंपरा तंडूवरूनच ‘तांडव’ नाव आले असे मानते. त्या अध्यायात १०८ करणे आणि ३२ अंगहार सांगितले आहेत. हात कुठे, पाय कुठे, कंबर कशी वळेल, एका हालचालीतून दुसरीत कसे जायचे, सारे बांधलेले. म्हणजे तांडव ही शिस्तीची परमावधी आहे. ज्याने हा जोडशब्द प्रथम घडवला त्याच्या मनात तांडव वाईट नव्हते, त्याची वेळ चुकली होती, एवढेच. संस्कृत पंडितांच्या वर्तुळात हा शब्द नको तिथे केलेल्या विद्वत्तेच्या प्रदर्शनासाठीही वापरला जाई. वादात मुद्दा लहान आणि त्यावर शास्त्रांचा पाऊस पाडणारा पंडित, तो ‘अकाण्डताण्डव’ करतो. मराठीत येताना पंडित गेला आणि संतापलेला माणूस आला. येताना ‘अ’चा ‘आ’ही झाला. ‘तांडव’च्या पहिल्या अक्षराशी ताल साधायला, आणि माझ्या मते शेजारच्या ‘आकांत’ या शब्दाच्या सहवासाने. अर्थाच्या इतक्या जवळचा, आवाजाने इतका सारखा शब्द जवळ असला की असे होतेच. पण या एका दीर्घ स्वराने ‘अ’मधला नकार कानाआड केला. आज आकांडतांडव म्हणताना ‘अवसर नसलेले’ हा अर्थ कोणाच्या ध्यानात येत नाही. निकाल मात्र तसाच टिकून आहे.

‘थयथयाट’ही नाचातूनच आला आहे, ‘थय थय’ या बोलांतून. म्हणजे रागासाठी मराठीने एकदा संस्कृतातून आणि एकदा स्वतःच्या कानांतून, असा दोनदा नाच निवडला. यात मला योगायोग वाटत नाही. शिवाय ‘राग’ हा शब्दच मुळात रंगाचा, रंजनाचा. संस्कृतात तो प्रेम आणि आसक्ती दाखवतो, संगीतात स्वरांची रचना दाखवतो, आणि मराठीत क्रोध. रंग, नाच, बोल ही सगळी सामग्री रंगभूमीची आहे, आणि रंगभूमीला प्रेक्षक लागतो.

ज्या मुलखात हे लिहीत आहे तिथे नाचाची वेळ ठरलेली असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून झाडीपट्टी. दिवाळी झाली, हलके धान निघाले, की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, आणि रात्री दंडार उभी राहते. दंडारीत पुरुष नाचतात, भांडतात, रडतात, एकमेकांवर तुटून पडतात, आणि सारा गाव पहाटेपर्यंत ते बघतो. मग होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटके चालतात, त्यांत तर रडणे आणि गरजणे यांना हातचे राखून काही ठेवलेलेच नसते. रोवणीच्या दिवसांत, चिखलात वाकून पऱ्हे लावताना, असे कोणी करत नाही. महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेत कोणाच्या अंगात आले तर लोक बाजूला होऊन जागा देतात, हात जोडतात. तोच माणूस तसाच अंगणात घुमू लागला तर घरचे त्याला धरून बसवतील. देह तोच, हालचाल तीच. फरक अवसराचा. ‘अकांड’ हा शब्द समजायला संस्कृत कोशाइतकाच हा मुलूख उपयोगी पडतो.

आता खरा प्रश्न. अवसर आहे की नाही हे ठरवतो कोण?

आपल्या बोलण्याकडे लक्ष दिले तर एक गोष्ट दिसते. ‘मी आकांडतांडव केले’ असे कोणी म्हणत नाही. ‘मला राग आला’, ‘माझा तोल गेला’, ‘मला सहन झाले नाही’ असे आपण स्वतःविषयी बोलतो. आकांडतांडव करते ती शेजारीण, सून, विरोधी पक्ष, कामावरून काढलेला मजूर. थयथयाटाचेही तसेच. या शब्दांना प्रथम पुरुष सोसत नाही, कारण त्यांच्या पोटातच ‘कारण नव्हते’ असा निवाडा आहे, आणि तो देणारा नेहमी दुसरा असतो. स्वीडिश ‘व्रेदेसुतब्रोत’ रागाच्या कारणाविषयी काही बोलत नाही. फुटले, एवढेच सांगतो. आपला शब्द पंचाच्या जागी बसून बोलतो. कोशांत त्याचा अर्थ ‘आरडाओरडा, धिंगाणा’ असा दिला की काम भागत नाही, ते यामुळे. घराघरांत हा शब्द कोणाच्या तोंडून कोणाविषयी निघतो हे पाहिले तर बहुतेक वेळा जो शांत बसू शकतो तो, ज्याला ओरडण्याशिवाय उपाय उरलेला नाही त्याच्याविषयी, तो वापरताना सापडतो. बाईच्या रागाला तर हे नाव फार लवकर मिळते.

खैरलांजी आमच्याच जिल्ह्यातली, मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आई, मुलगी आणि दोन मुलगे. पुढच्या आठवड्यांत विदर्भात आणि मग राज्यभर लोक रस्त्यावर उतरले. या घटनेला मराठीने दिलेले नाव आहे खैरलांजी हत्याकांड. त्यातले ‘कांड’ आणि ‘अकांड’मधले ‘कांड’ मुळात एकच शब्द आहेत, फक्त इथे तो ग्रंथाच्या कांडावरून प्रकरण, घटना या अर्थाला आला आहे. त्या संतापाला अकांड म्हणायची सोय भाषेनेच ठेवलेली नाही. कांड समोर उभे होते, गावाच्या नावासकट. व्युत्पत्ती हा रिकाम्या वेळचा छंद आहे असे ज्यांना वाटते त्यांना मी हे उदाहरण देतो. शब्दाची फोड माहीत असली की तो कोणावर फेकण्याआधी हात थबकतो, आणि कोणी फेकला तर ‘अवसर नव्हता हे कशावरून?’ असे विचारता येते.

पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्दचे धरण उभे आहे. पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. गावे उठली, शेते पाण्याखाली गेली, आणि प्रकल्पग्रस्तांची आंदोलने वर्षानुवर्षे चालली. धरणे हा शब्दही संतापाच्या याच कुळातला. आज तो मांडव, फलक आणि निवेदन यांच्याशी जोडला गेला आहे. जुना अर्थ अधिक कठोर होता. येणेकऱ्याने देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचे, आणि देणे फिटेपर्यंत उठायचे नाही. बसणाऱ्याचे काही बरेवाईट झाले तर पाप दारातल्याच्या माथी.

‘त्रागा’ याच्याही पुढे जातो. आज आपण चिडचिडीला, वैतागाला त्रागा म्हणतो. मूळ प्रकार भयंकर होता. गुजरात-काठियावाडात चारण आणि भाट करारांना जामीन राहत. शब्द मोडला गेला तर जामीन राहिलेला चारण स्वतःच्या अंगावर कट्यार चालवून घेई, प्रसंगी घरातल्या माणसाचाही जीव देई, आणि ते रक्त शब्द मोडणाऱ्याला बाधे, असे सारे मानत. अलेक्झांडर फोर्ब्सच्या १८५६च्या ‘रासमाले’त या प्रथेचे वर्णन आहे. मराठीतही आपले म्हणणे कबूल करून घेण्यासाठी स्वतःला इजा करणे हा त्राग्याचा जुना अर्थ होता. आता तो अर्थ पुसला गेला, पण व्याकरणाने त्याची खूण राखली. आपण म्हणतो, ‘त्रागा करून घेऊ नकोस.’ ‘करून घेणे’ म्हणजे स्वतःवर ओढवून घेणे. थयथयाट आपण ‘करून घेत’ नाही. ज्या शब्दात वार स्वतःच्या देहावर होता, त्याच्यापुरती भाषेने ही क्रियापदाची जोड जपली आहे, आणि मला ती या साऱ्या शोधातली सर्वांत हृद्य गोष्ट वाटते. आकांडतांडवासारखा त्रागा हीन नाही. ‘फार त्रागा झाला माझा’ असे आपण स्वतःविषयी म्हणू शकतो. त्राग्याला कारण असते हे गृहीतच धरलेले आहे.

तळतळाटाचे वजन आणखी वेगळे. तो करायचा नसतो, लागतो. गरिबाचा, विधवेचा, फसवलेल्याचा. इथे राग आवाजही करत नाही, आणि तरी बलवानाला त्याची धास्ती वाटते. आगपाखडीविषयी थोडे. खळ्यावर वाऱ्यावर धान देणे म्हणजे उपणणे, आणि घरी सुपात घेऊन निवडणे म्हणजे पाखडणे. सुपातल्या धान्याच्या जागी आग कल्पून हा शब्द झाला. घोळून, झटकून, चहूकडे उडवलेली आग. तो ज्याने घडवला त्याच्या घरात सूप रोज हातात असणार.

हे शब्द कोशांत कसे आले, किंवा का आले नाहीत, याचाही विचार करावा लागतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१मध्ये निघाला आणि १८५७मध्ये त्याची सुधारलेली, सुमारे ६०,००० शब्दांची आवृत्ती आली. हे काम मुंबई इलाख्यातले, आणि मदतनीसही मुख्यतः तिकडचे. भंडारा तेव्हा नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात होते. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३मध्ये वारले, आणि १८५४मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. मराठीच्या तोवरच्या सर्वांत मोठ्या शब्दसंग्रहाचे काम चालू होते तेव्हा झाडीचा मुलूख त्या वाटेवरच नव्हता. पुढे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने १९३२पासून प्रांतिक शब्द टिपले, कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६मध्ये आला, तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९मध्ये. या शेवटच्या कोशाचे महत्त्व आम्हाला विशेष. त्यातली पुष्कळ उदाहरणे महानुभाव गद्यातली आहेत, आणि त्या गद्यात विदर्भाचे बोलणे आहे. चक्रधरांच्या शिष्यांत भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार होते, हे ‘लीळाचरित्र’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच.

झाडीबोलीसाठी मात्र वेगळे कष्ट घ्यावे लागले, आणि ते साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी घेतले. झाडीबोलीला तिचा शब्दकोश, व्याकरणाची मांडणी आणि संमेलने मिळाली ती त्यांच्या चिकाटीमुळे. ‘ण’ऐवजी ‘न’ आणि ‘ळ’ऐवजी ‘र’ उच्चारणाऱ्या या बोलीला शाळेत अशुद्ध ठरवले गेले. ज्या मुलाचे ‘पानी’ सुधारले जाते, त्याला आपला राग आपल्या शब्दांत सांगायलाही संकोच वाटू लागतो. मग तो प्रमाण मराठीतले शब्द घेतो, आणि ते शब्द बहुधा त्याच्याविषयी दुसऱ्याने वापरलेले असतात.

स्वीडिश अकादमीने आपल्या भाषेच्या ऐतिहासिक कोशाचे काम १८८३मध्ये हाती घेतले आणि शेवटचा, ३९वा खंड २०२३मध्ये पुरा केला. एकेक शब्द पहिल्यांदा लिखाणात केव्हा दिसला याची तारीख त्यात मिळते. मराठीसाठी असा कोश नाही. ‘आकांडतांडव’ मराठीत रागाचा शब्द कोणत्या दशकात झाला, त्राग्यातली कट्यार केव्हा गळून पडली, हे दाखवणारी तारखांची माळ आपल्यापाशी नाही, आणि ती असायला हवी. पैसा लागेल, पिढ्या लागतील. पण आठ-नऊ कोटी लोकांच्या भाषेने हे मागणे अवाजवी नाही. इंग्रजीला एवढे मोठे कोश असूनही ‘टँट्रम’ हा अठराव्या शतकाच्या आरंभी दिसू लागलेला शब्द कुठून आला ते कळलेले नाही, म्हणून कोशाने सारेच सुटते असेही कोणी समजू नये.

पुढच्या नोंदींची मांडणी या विचारातून ठरली आहे. रूढ पद्धतीत आधी मूळ शब्द, मग अर्थ, मग वापर असा क्रम असतो. इथे तो उलटा आहे. प्रत्येक शब्दाखाली प्रथम तो कोण, कोणाविषयी, कोणासमोर बोलतो ते दिले आहे. त्यानंतर तो प्रथम पुरुषात चालतो की नाही, त्याच्याशी ‘करणे’ येते, ‘करून घेणे’ येते की ‘लागणे’, हे नोंदवले आहे. धातू आणि संस्कृत-प्राकृत रूपे सर्वांत शेवटी आहेत, आणि जिथे दोन व्युत्पत्ती संभवतात तिथे दोन्ही शेजारी ठेवल्या आहेत. बोलीतले उच्चार जसे ऐकू येतात तसेच छापले आहेत, कंसात प्रमाण रूप न देता.